अहो थांबा

लीलाताईंनी पदराच्या टोकाने डोळ्यांतून ओघळलेलं औषध टिपलं, फोन तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला.

“पहिल्या प्रवाशाचं नाव सांगा,” फोनमधली बाई दुसऱ्यांदा म्हणाली.

आवाज मऊ होता. त्यात घाई नव्हती, वैताग नव्हता. वरच्या मजल्यावरच्या संयोगिताने तिकिटाचं हे ॲप फोनवर घालून दिलं, तेव्हापासून लीलाताईंना त्याचा लळाच लागला होता. संयोगिता त्याचे गुण सांगताना थकत नसे.

“काकू, ह्यात ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची भानगड न्हाय. जागा मिळंल का न्हाय तेबी आधीच सांगतंय. आन् मराठीत बोलतंय की! आजून काय पायजे?”

लीलाताईंना सगळं पटायचं. पण त्यांचं स्वतःचं कारण निराळं होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ॲपवर तिकीट काढताना आपल्या मागे कुणी उभं नसतं.

मास्तरांना दवाखान्यातून घरी आणल्यावर एकदा स्टेशनच्या खिडकीवर जायची वेळ त्यांच्यावर आली होती. फॉर्मवरचं अक्षर लागेना म्हणून काचेमागच्या माणसाने साधंच विचारलं, “मिस्टरांचं नाव काय?” मागून कुणीतरी ओरडलं, “ओ काकू, बोला की! गाडी जाईल आमची.” त्यांनी कागद पुन्हा आत सरकवला, नावाखाली बोट ठेवलं आणि मान खाली घातली. कानांच्या पाळ्या घरी येईपर्यंत तापलेल्या होत्या.

लग्न होऊन कुरुंदवाडच्या घरात आल्यापासून त्यांनी मास्तरांचं नाव उच्चारलं नव्हतं. नाव गावाशेजारच्या वाडीच्या देवाचं. रोजची पोथी वाचताना ते आलं की लीलाताईंचा आवाज थांबे, ओठ नुसते हलत, आणि पुढच्या शब्दापासून वाचन पुन्हा ऐकू येई. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं सासूबाई सांगत. मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलेलं, ते हसायचे.

“पोस्टमन रोज दारात माझ्या नावाने बोंबलतो, लीला. तुझ्या हिशेबाने मी केव्हाच जायला हवा होतो.”

मग मास्तरांची छाती उघडून ऑपरेशन झालं, आणि लीलाताईंचा नेम आणखी घट्ट झाला. मास्तरांनीही थट्टा सोडून दिली.

आता धारवाडला लेकीला, अनुजाला, मुलगी झाली होती. रविवारी बारसं. डॉक्टरांनी मास्तरांना पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाची परवानगी दिली होती आणि अनुजाने फोनवर बजावलं होतं, “बाबा आल्याशिवाय पाळणा हलायचा नाही.” शुक्रवारच्या हरिप्रिया गाडीला दोनच जागा दिसत होत्या. संयोगिता कारखान्याच्या ऑफिसात गेलेली. डोळ्यांत औषध घातल्यामुळे अक्षरं दिसेनात, म्हणून लीलाताईंनी बोलून तिकीट काढायचं बटण दाबलं होतं. बाई नावच विचारील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“पहिल्या प्रवाशाचं नाव सांगा.”

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मास्तर उकळत्या चहाचं पातेलं स्वतःच उतरवायला निघाले होते.

“अहो, थांबा!” लीलाताई ओरडल्या.

“धन्यवाद,” फोनमधली बाई म्हणाली.

लीलाताई धावल्या. पातेलं उतरवलं, मास्तरांना खुर्चीत बसवलं, दोन शब्द सुनावले. परत आल्या तर बाई वय विचारत होती. किती सोशिक! त्यांनी वय सांगितलं, मग स्वतःचं नाव-वय सांगितलं, आणि हिरवं बटण दाबलं. तिकीट निघालं. दोन्ही जागा पक्क्या. लीलाताईंनी फोन देवापुढे ठेवला आणि हात जोडले.

शुक्रवारी संयोगिता त्यांना गाडीवर सोडायला आली. डबा कुठला ते पाहायला तिने फोन हातात घेतला आणि फलाटावर मध्येच उभी राहिली.

“काकू, हे कोण?”

“कोण गं?”

“अहो थांबा. पुरुष. वय बहात्तर.”

लीलाताईंनी चष्मा चढवला. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, तसंच लिहिलं होतं. ‘अहो’ नाव, ‘थांबा’ आडनाव.

“आता वो? नाव काय बदलता येत न्हाय, आन् गाडी तर फुल्ल हाय. टीसी तापट निघाला तर वाटंतच उतरवंल की काकांना.”

“आडनाव बरं आहे,” मास्तर म्हणाले. “कुरुंदवाडकरपेक्षा सुटसुटीत.”

संयोगिता पोट धरून हसली. लीलाताई हसल्या नाहीत. त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या. वर्षभर देवापुढे बसून त्या दुसरं काय म्हणत होत्या?

“घरी जायचं का?” त्यांनी हळूच विचारलं.

मास्तरांनी बगलेतली पिशवी जरा घट्ट धरली. नातीसाठी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन निवडलेलं टोपडं तिच्यात होतं.

“पाळणा अडलाय,” ते म्हणाले आणि डब्यात चढले.

समोरच्या बाकावर तिरुपतीला निघालेलं जोडपं होतं, आकाराम आणि अंबूबाई. मिरज यायच्या आत त्यांनी भडंगाचा डबा पुढे केला, लीलाताईंचा शुक्रवार आहे कळल्यावर केळी काढली, आणि तिकिटाची गोष्ट ऐकून घेतली.

“पावणं, काळजी करू नगासा,” आकाराम म्हणाला. “आमीबी ॲपवरच काढलंय. खिडकीवर उभारून माझं गुडघं गेलं. ह्ये घरात बसून, चहा पीत काढायचं. टीसीला मी सांगतो की.”

“तुमी गप बसा,” अंबूबाई म्हणाली. “तुमी बोललासा तर आपल्यालाबी उतरवंल.”

मिरज सोडल्यावर टीसी आला. तरुण होता, आवाज खणखणीत. हातातल्या यंत्रात पाहून त्याने पुकारलं, “अहो थांबा!”

बोळातून चाललेला चहावाला किटलीसकट जागच्या जागी उभा राहिला. “काय साहेब? मी काय केलं?”

डबा हसला. मास्तरांनी वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर केला. टीसीला मात्र हसू आलं नाही. त्याने मास्तरांचं आधार कार्ड घेतलं, एकदा कार्डाकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. कार्डावरचा माणूस भरल्या गालांचा, जाड मिशांचा. समोरच्याच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झालेली.

“नाव वेगळं, फोटोही जुळत नाही. मावशी, हे तुमचे कोण?”

“आमचे... हे.”

“हे म्हणजे? नाव सांगा यांचं.” त्याने कार्ड उलटं धरलं. “कार्डावरचं नाव तुमच्या तोंडून आलं तर मी मानतो. नाहीतर पुढच्या स्टेशनावर यांना उतरावं लागेल. माझाही नाइलाज आहे.”

लीलाताईंनी ओठ उघडले. ते नुसते हलले.

“घ्या की नाव, काकू,” अंबूबाई म्हणाली. “उखाण्यात घ्या, उखाण्यात चालतंय. मी तर आमच्या धन्याला नाव घिऊन रोज शिव्या घालतो. आजून टुणटुणीत हाय बघा!”

“टुणटुणीत कसला! निम्मा झालोय,” आकाराम म्हणाला.

पुन्हा हशा झाला. लीलाताईंना एकही उखाणा आठवेना. डोळ्यांपुढे दिसत होता तो दवाखान्यातला लांबलचक बोळ, आणि त्याच्या टोकाचं बंद दार.

मास्तर उठले. खांबाला धरून त्यांनी तोल सावरला आणि पिशवी हातात घेतली.

“साहेब, तिला विचारू नका. मी उतरतो. तिचा नेम आहे तो.” थोडा दम घेऊन ते म्हणाले, “माझ्यासाठीच आहे.”

लीलाताईंनी वर पाहिलं. पोस्टमनचा दाखला देणारा तो माणूस. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. पिशवीतून टोपड्याची नाडी बाहेर लोंबत होती. त्यांनी ती आत सारली, मग मास्तरांची बाही धरली आणि त्यांना खाली ओढलं.

“नृसिंह,” लीलाताई म्हणाल्या. “नृसिंह सदाशिव कुरुंदवाडकर.”

आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर पोथीतल्यासारखं सुटं आणि स्वच्छ आलं.

टीसीने कार्ड पाहिलं आणि दोन्ही हातांनी मास्तरांना परत दिलं.

“बसा, काका. मावशी, पुढच्या वेळी बोलून नका काढू. टाइप करा.” जाता जाता तो थबकला. “आमची आजी अजून आजोबांना ‘ऐकलं का’ म्हणते.”

गाडी उसाच्या रानांतून निघाली होती. लीलाताई मास्तरांच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीकडे बघत होत्या. गुंडी वर जात होती, खाली येत होती. पुन्हा वर जात होती. त्यांनी अंबाबाई देवीला हात जोडले. मग त्या तरुण टीसीला, केळी देणाऱ्या अंबूबाईला, आणि थोडं लाजत, फोनमधल्या त्या सोशिक बाईलाही. गुंडी वर गेली, खाली आली.

“लीला.”

“काय हो?”

“मघाशी काय म्हणालीस? गाडीचा आवाज फार, नीट ऐकू आलं नाही.”

शेवटच्या बाकावरची कुजबुज मास्तरांना फळ्याकडे तोंड करूनही ऐकू यायची. लीलाताईंनी समोर पाहिलं. आकाराम घोरत होता. अंबूबाई खिडकीबाहेर बघत होती, जरा जास्तच मन लावून.

त्या सरकून जवळ आल्या आणि मास्तरांच्या कानाशी वाकल्या.