पिवळ्या फ्रॉकवरची खूण

लॉन्ड्रीवाल्यांच्या घरात एक गोष्ट सर्रास चालते, पण मेले तरी ते कबूल करायचे नाहीत. गिऱ्हाइकाचा कपडा एखाद्या दिवशी घरचंच माणूस अंगात घालतं. कुणाकडे लग्न असतं, इकडे साहेबाचा कोट दोन दिवस नुसता टांगलेला असतो, मग काय! संध्याकाळी परत धुतला की झालं. कुणाचं काय जातं?

या म्हाताऱ्याचं मात्र सगळं गेलं.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दुपारी दुकानात चिटपाखरू नसायचं. इस्त्री फिरवता फिरवता तो जुन्या सवयीनं मध्येच तिच्याशी बोलायचा आणि ओशाळून गप्प व्हायचा. त्या दिवशीही तो म्हणाला, "बटण तुटलंय बघ."

"कुठलं?" मागून आवाज आला.

बिचारा उडालाच. दारात एक पोलीसबाई उभी होती.

"घाबरू नका काका, तुमच्याविरुद्ध काही नाही. मी जुनी प्रकरणं बघते. तुमच्या धंद्यातलं एक विचारायचंय. अठरा लॉन्ड्र्या झाल्या, तुमची एकोणिसावी."

तिनं पाकिटातून एक लहान मुलीचा पिवळा फ्रॉक काढला आणि कॉलर उलटी केली. आत पक्क्या काळ्या शाईत एक्केचाळीस आकडा होता, त्याखाली दोन टिंबं. आकडा गिऱ्हाइकाचा, टिंबं दुकानाची. दुसरं टिंब जरासं फराटलेलं होतं. बायकोचं दुसरं टिंब नेहमीच फराटायचं, कारण तिला धीर म्हणून कसला तो नव्हता.

"काका, इस्त्री! शर्ट जळतोय!"

त्यानं इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"एकतीस वर्षांपूर्वी एक चार वर्षांची मुलगी बसमध्ये एकटी सापडली," पोलीसबाई सांगू लागली. "बस या गावावरून जायची. पोरगी एवढी भेदरलेली की महिनाभर तोंड उघडलं नाही. मग अनाथाश्रमातच वाढली. तेव्हा हरवलेल्या मुलींच्या सगळ्या तक्रारी तपासल्या होत्या म्हणे. पिवळ्या फ्रॉकची एकही नव्हती."

कशी असेल? तक्रार यानंच दिली होती, आणि यानंच सांगितलं होतं, निळा फ्रॉक.

त्या सकाळी बायको माहेरी गेली होती. धुवायला आलेल्या पिवळ्या फ्रॉकसाठी त्याच्या लेकीनं, टिल्लीनं, हट्ट धरला, "बाबा, हाच घालणार, एकच दिवस!" यानं तिला घातला. बाजारात गर्दीत तिचा हात सुटला. चौकीवर शिपायानं विचारलं, अंगावर काय होतं, तेव्हा याच्या डोळ्यांपुढे दुकान आलं. गिऱ्हाइकाचा कपडा पोरीला घातला हे चारचौघांत फुटलं तर कोण येईल दारात? संध्याकाळपर्यंत सापडेलच की, असं वाटलं त्याला. दुसऱ्या दिवशी पेपरात निळा फ्रॉक छापून आला. आता शब्द फिरवला तर पोलीस आपल्यावरच संशय घेतील, म्हणून गप्प बसला. बायको मरेपर्यंत खांबाखांबांवर कागद चिकटवत हिंडली, निळा फ्रॉक, निळा फ्रॉक. आणि टिल्लीचा स्वतःचा तो निळा फ्रॉक यानं घरातच ट्रंकेच्या तळाशी दडवला होता.

"ती आता स्वतः आई झालीय," पोलीसबाई म्हणाली. "तिचं एकच म्हणणं, एक्केचाळीस नंबरचं घर शोधून द्या. ते माझं घर."

एक्केचाळीस म्हणजे डॉक्टरीणबाई. त्यांची लेक कधी हरवलीच नव्हती.

"ही खूण आमची नाही," म्हातारा म्हणाला. एकतीस वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

"बरं." ती फ्रॉक पाकिटात कोंबायला लागली.

"अहो, असा चुरगाळू नका!" त्यानं तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. टेबलावर पसरला, बाह्या आत घेतल्या, घेर सारखा केला. किती एवढासा होता! अंगात घालताना टिल्लीनं हात वर केले होते आणि डोकं आत अडकलं म्हणून खुदुखुदू हसली होती. म्हाताऱ्याला घडी पुरी करवेना. तो त्या फ्रॉकवर डोकं टेकून ढसाढसा रडला.

"काका? काय झालं?"

"एक्केचाळीस नंबरकडे नका पाठवू तिला. तिथं तिचं कुणी नाही. फ्रॉक तेवढा त्यांचा. पोरगी माझी आहे, बाई. मी खोटं सांगितलं होतं."

पोलीसबाई स्टूल ओढून खाली बसली. त्यानं सगळं सांगितलं, ट्रंकेतून निळा फ्रॉक आणून पुढ्यात ठेवला. तिनं सावकाश लिहून घेतलं.

"रक्त तपासावं लागेल."

"तपासा."

"आज तिला फोन करून एवढंच सांगेन की एक माणूस सापडलाय." पोलीसबाईनं वही मिटली. "पण काका, ती पहिला प्रश्न हाच विचारणार, की मला शोधलं का नाही कुणी? काय सांगू?"

म्हाताऱ्यानं दोन्ही फ्रॉक शेजारी शेजारी ठेवले.

"शोधलं म्हणावं," तो म्हणाला. "तिची आई मरेपर्यंत शोधत होती. पण मी तिला निळ्या फ्रॉकातली पोर शोधायला लावली."