लाखेची मोहोर

वाजिदबाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीच्या चारही स्क्रूंवरून अंगठा फिरवला. प्रत्येक स्क्रूवर लाल लाखेचा थेंब होता आणि थेंबावर त्यांच्या पितळी शिक्क्याचा ठसा. चारही ठसे शाबूत होते.

“अब्बा, बॅटरीतून कोण काय चोरणार आहे?” नुदरतने विचारलं.

“जुन्या गाड्यांचे सेल काढून नव्या डब्यात भरतात. साऱ्या मुलतानात चाललंय. तुला वाटतं, दुकानात हसून बोलला म्हणजे माणूस प्रामाणिक.”

उभा जन्म पोस्टात रजिस्टर पार्सलं मोहोरबंद करण्यात गेलेला माणूस. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. लाइट गेल्यावर घर चालवणारी, छतावरच्या सोलरवर भरणारी ही बॅटरी नुदरतनेच हिवाळ्यात घेऊन दिली होती. बसवायच्या दिवशी अब्बांनी सफदर मिस्त्रीला पेटी उघडायला लावली, सेल न् सेल डोळ्यांखालून घातला आणि पेटी बंद होताच मेणबत्तीवर लाख धरली होती. “बाबूजी, ही बॅटरी आहे, मनीऑर्डर नाही,” सफदर म्हणाला होता. “मनीऑर्डरीतूनही लोकांनी पैसे काढलेत,” अब्बा म्हणाले होते.

त्या रविवारी सकाळपासून लाइट नव्हती. गल्लीतले पंखे थांबले होते, या खोलीतला एसी मात्र बॅटरीवर चालू होता. खानेवालहून नुदरत आली की तो लागायचाच. मुलतानच्या जूनमध्ये अब्बा डोक्याला लोकरीची टोपी घालून समोर बसले होते. तिने पाय वर घेऊन ओढणीखाली झाकले.

“गार होतंय ना नीट?”

“हो अब्बा. छान आहे.”

ते समाधानाने आंबा पिळू लागले. ती निघताना त्यांनी आंब्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी जरा लवकर ये. ऊन चढायच्या आत.”

बुधवारी दुपारी अब्बा गेले. शेजारच्या सुग्राखालाला ते व्हरांड्यातल्या खाटेवर सापडले. उन्हाचा तडाखा हृदयाला सोसला नाही, असं डॉक्टर म्हणाले. नुदरत पोचली तेव्हा लाइट गेलेलीच होती. खाटेवरचा पंखा निश्चल होता. आणि आत भिंतीवर, जिच्यासाठी तिने सोन्याच्या बांगड्या मोडल्या, ती बॅटरी.

तिसऱ्या दिवसाची, सोयमची फातिहा झाली आणि तिने सफदरला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

“अल्लाह त्यांना जन्नत देवो, आपा. माणूस कडक होता, पण चहा पाजल्याशिवाय...”

“माझे वडील उकाड्याने गेले. घरात बॅटरी असताना. फेब्रुवारीत तू साफसफाईला म्हणून आला होतास, तेव्हा सेल बदललेस ना?”

सफदरचा चेहरा उतरला. “बाबूजींच्या घरात सेल बदलायचे म्हणजे ठाण्यात शिरून ठाणेदाराचं पाकीट मारायचं, आपा. बाजूला खुर्ची टाकून बसले होते ते. ठसे बघा की.”

ठसा काय, कुणीही करून घेईल. नुदरतने अब्बांच्या कुडत्याच्या खिशातून शिक्का काढला आणि एकेका थेंबावर टेकवून पाहिला. शिक्क्याची एक कड झिजलेली होती, ठशांचीही तीच कड अर्धवट होती. चारही वेळा तो तंतोतंत बसला. तरी तिचं मन मानेना.

“मग बिघडलेली विकलीस.”

सफदरने पेटीचं बटण दाबलं. छोट्या पडद्यावर सगळ्या हिरव्या रेघा उमटल्या. “भरलेली आहे. काठोकाठ.”

“मग पंखा का थांबला?”

तो गुडघ्यांवर बसला आणि पेटीखालच्या कोपऱ्यात वाकून बघू लागला.

“आपा, हे मी केलेलं नाही.”

पेटीचा मुख्य खटका खाली पाडलेला होता आणि त्यावर लाख होती. एखादा थेंब नव्हे, थरावर थर. फोडलेल्या थरांचे काठ तसेच राहिले होते आणि त्यांवर नवी लाख ओतलेली होती, मजारीवरच्या जुन्या मेणबत्तीच्या बुंध्यासारखी. खाली भिंतीच्या कडेला लाल चुरा पडला होता. सगळ्यात वरचा ठसा अखंड होता.

“हा बंद असला की लाइट गेल्यावर घरात काहीच चालत नाही,” सफदर हळू म्हणाला. “एरवी तो वर करायला एक बोट पुरतं.”

“कुणी बंद केला?” तिने विचारलं. शिक्का तिच्याच मुठीत होता.

“कोण करणार? तुझा बापच.” सुग्राखाला पुलावाचं ताट घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली होती, कळलंच नाही. “रविवारी पहाटे फोडायचे, सोमवारी उन्हाने भरली की पुन्हा मोहोर. मी म्हणायचे, वाजिदभाई, शिजून मराल, लावा की पंखा. तर म्हणायचे, मोहोर नसली तर माझाच हात जाईल. मग पोरगी यायच्या दिवशी पेटी रिकामी.”

नुदरतने मूठ उघडून शिक्क्याकडे पाहिलं.

“लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आली होतीस,” खाला म्हणाली. “ इथे बसवत नाही म्हणालीस आणि जेवायच्या आधीच निघून गेलीस. आठवतं?”

तिला आठवत नव्हतं.

खालाने ताट झाकून ठेवलं आणि सफदरच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. “चल रे. तुझा चहा माझ्याकडे.”

नुदरत खटक्यापाशी बसली. जगात कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने शेवटची मोहोर स्वतःच्या बोटावर लावली होती. बुधवारीही ती त्याने मोडली नव्हती.

तिने नखाने लाख उचकटली. ती लवकर निघेना. लाइट आताही नव्हती. तिने खटका वर केला आणि एसी लावला. एसीची झडप उघडली, गार वारा खोलीभर पसरू लागला. खुंटीवर लोकरीची टोपी होती. नुदरत आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि सवयीने पाय वर घेऊन ओढणीखाली झाकले.

समोरची जागा रिकामी होती.

“अब्बा,” ती मोठ्याने म्हणाली, “मला एसी सोसत नाही. थंडी वाजते.”