सुई बदलायची वेळ

मावशीच्या भरतकामाच्या दुकानातला कॉम्प्युटर भिंगरीपेक्षा वयाने थोडासाच लहान होता आणि मावशीला तो भाचीहून कांकणभर जास्तच लाडका. सगळ्या नक्ष्या त्याच्या पोटात! शाळांचे बिल्ले, हॉटेलांची नावं, कुणाच्या दुपट्यावरचं हत्तीचं पिल्लू. तो सांगणार आणि शेजारचं मशीन टाके घालणार.

शाळा सुटल्यावर भिंगरी नेहमीसारखी दप्तर भिरकावत आत शिरली आणि थबकलीच.

"मावशी, हा टकटक करतोय."

"म्हातारा झालाय बिचारा. माझे गुडघे नाही वाजत?"

भिंगरीने खोक्याला कान लावला. शाळेतला एक कॉम्प्युटर यंदाच अस्साच वाजत वाजत कायमचा झोपला होता, सगळ्यांचे प्रकल्प पोटात घेऊन.

"याची हार्ड डिस्क जाणार. आजच बदलू या. बाकी सगळं ठणठणीत आहे."

"चालतंय ना? मग हात लावू नकोस. बंद पडला की बघू. तू उघडलंस आणि बिघडला म्हणजे? माझा अख्खा जन्म आहे गं त्यात."

'बरं, राहू दे,' भिंगरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. गेल्या वर्षीची भिंगरी असती तर तिने राहूही दिलं असतं. पण तेवढ्यात मावशीने मशीन थांबवलं, चांगली धडधाकट सुई काढली आणि डबीत टाकली.

"मोडली?"

"मोडायची वाट कोण बघतं? आवाज बदलला की बदलायची. नाहीतर कापड..."

बोलता बोलता मावशीची नजर टकटकणाऱ्या खोक्यावर गेली. भिंगरीने नुसत्या भुवया उडवल्या.

"फार शहाणी झालीस! जा, आण ती नवी डिस्क. पण बसवायच्या आधी सगळ्या नक्ष्या तिच्यावर उतरव. एक जरी हरवली ना, तुझ्या पाठीवर टाके घालीन."

एकेक नक्षी उतरत गेली. हत्तीच्या पिल्लापाशी गाडी अशी अडली की मावशीने डोळेच मिटले. शेवटी तेही सुखरूप आलं. भिंगरीने नवी डिस्क बसवली, बटण दाबलं, आणि मशीनने पहिला टाका घातला. मग सहज म्हणून जुनी डिस्क पुन्हा जोडून पाहिली. टक. बस, पुढे काहीच नाही. मावशीचा हात आपोआप भिंगरीच्या डोक्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी बिल्ले न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "कॉम्प्युटर नवा घेतलात वाटतं? आवाज नाही आज."

"छे हो," मावशी ऐटीत म्हणाली, "आमच्या इंजिनीअरबाई म्हणाल्या, एवढ्यात गरज नाही."

कोपऱ्यात गृहपाठ करणाऱ्या इंजिनीअरबाईंचं गणित तिथेच चुकलं.