रोजचेच त्रेचाळीस

सहाव्या दिवशी सकाळी बारावं प्रेत सापडलं आणि बातुआंगा बेटाच्या बंदर कचेरीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वाचलेले एकतीस, मेलेले बारा, झाले त्रेचाळीस. बुडालेल्या लाँचच्या प्रवासी यादीतही बरोब्बर त्रेचाळीसच. कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही. शोध चालवायला शहरातून आलेले हेंद्रातोसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. वाफवलेल्या कंदाच्या कसुआमीचा तुकडा मोडायचा, माशाच्या आंबट रश्श्यात बुडवायचा, की स्वाहा.

"चार वाजता जाहीर करतो, शोध संपला," ते बोटं चाटत म्हणाले. "हासिरी, तोवर सगळ्या याद्या एका एक्सेलच्या तक्त्यात आण. प्रवासी यादी, दवाखान्याची, तिन्ही गावांच्या सरपंचांनी दिलेली, प्रवासाला गेलेल्यांची. पाच फायली पाच तऱ्हांच्या वर पाठवल्या तर माझीच काढतील."

ला हासिरी कचेरीतला कारकून; या बेटावर पुरुषाच्या नावाआधी 'ला' लागतं, बाईच्या नावाआधी 'वा'. वय सत्तेचाळीस, आणि बेटावरचा एक नंबरचा टवाळ. मागच्या साली मंत्री येणार म्हणून त्याने अख्खा बाजार झेंडे घेऊन धक्क्यावर उभा केला होता, आणि बोटीतून उतरला त्याचाच बोकड, गळ्यात टाय बांधून. लोक अजून ते आठवून पोट धरायचे.

पण गेले सहा दिवस हासिरीच्या तोंडून एक विनोद निघाला नव्हता. कारण त्रेचाळीस हा आकडा समुद्राने दिलेला नव्हता. तो हासिरीने दिला होता.

लाँच सुटायची सातला. तिकिटं फाडायची लोक चढल्यावर. आणि बंदरमास्तर ला बासियोला यादी टेबलावर हवी साडेसहाला. माणूस चढायच्या आधी त्याचं नाव कुठून आणायचं? मग हासिरी कालची फाईल उघडायचा, तारीख बदलायचा, छापायचा, चहा प्यायला मोकळा. लाँचला परवानगी पंचेचाळीसची. कोणाला वास येऊ नये म्हणून त्याने दोन कमी धरले होते. जानेवारीपासून तेच त्रेचाळीस जण रोज समुद्र ओलांडत होते. त्यातले काही तर दोन वर्षांपासून मलेशियात विटा वाहत होते.

कचेरीच्या पायरीवर सानारीअक्का बसलेली. सहा दिवस तिथेच. तिची एकोणीस वर्षांची मिन्दा त्या सकाळी पलीकडच्या बाजाराला गेली होती. वाचलेल्यांत नाही, प्रेतांत नाही, यादीतही नाही.

"अक्का, घरी जा," बासियो दारातून म्हणाला. "तुझी पोरगी लाँचवर नव्हतीच. कोणा खलाशाबरोबर गेली असेल. पुढच्या ईदला नातू घेऊन येईल बघ."

"वाळल्या माशांची टोपली डोक्यावर घेऊन पळाली?" अक्का म्हणाली. "तुझी बायको पळून आली तेव्हा काय सुकट घेऊन आली होती का रे?"

हासिरीला हसू आलं नाही. तो उठला आणि साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, शोध थांबवू नका. यादी खोटी आहे. मीच केलीय."

"आता बोकड येणार बघा, साहेब," बासियो मोठ्याने हसला. "आमचा हासिरी असाच आहे. मयतीतसुद्धा याला गंमत सुचते."

साहेबांनी बोकडाची गोष्ट पहिल्याच दिवशी ऐकलेली. त्यांनी हात पुसले.

"गावच्या याद्यांत एकोणीस जास्तीची नावं आहेत, साहेब," हासिरी म्हणाला.

"माहीत आहे. तुमच्याकडे कागदावरचं नाव एक, घरचं दुसरं. हा अमुकचा बाप, ती तमुकची आई. दवाखान्यात अर्ध्यांनी घरचीच नावं सांगितली. तुमची नावं जन्मात जुळायची नाहीत, म्हणून मी डोकी मोजतो."

"डोकीच चुकलीत."

"मग दाखव. कागदावर. तोंडी तर तुझं मी काहीच ऐकणार नाही. चार वाजेपर्यंत."

बासियोने त्याला कोपऱ्यात ओढलं. "अरे गाढवा, जेलात जाशील. माझ्यासकट."

"तुमच्यासकट म्हणालात ते बरं वाटलं," हासिरी म्हणाला.

आयुष्यभर लोकांना खोटं खरं म्हणून विकलं, आणि आता खरं फुकट द्यायला निघालो तर गिऱ्हाईक नाही. हासिरी लॅपटॉपपुढे बसला. जानेवारीपासूनच्या चौऱ्याऐंशी फायली, प्रत्येकीत एक तक्ता. पहिली उघडली, तक्ता उचलला, मोठ्या तक्त्यात टाकला. लांब नावं मधेच तुटून दोन ओळींत पडली; एका माणसाचे दोन झाले. ते जोडले. पहिल्या रकान्यात तारीख भरली. मग दुसरी फाईल, तिच्याखाली तिसरी. दहाव्या फायलीपर्यंत हात आपोआप चालायला लागला, आणि तेच वाईट होतं. हात रिकामा झाला की डोकं मिन्दाकडे जायचं.

बाराला कचेरीतली वीज गेली. "डिझेल संपलं," बासियो बाहेरून म्हणाला.

हासिरीने लॅपटॉप बगलेत मारला आणि धक्क्यावरच्या ला पोंदोच्या कॉफीच्या टपरीत शिरला. पोंदोकडे स्वतःचा छोटा जनरेटर होता. साहेबांची कॉफीही रोज त्याच्याकडूनच जायची.

"काय लिहितोयस एवढं?" पोंदोने खांद्यावरून वाकून पाहिलं. आणि तो थांबला. "हे माझं नाव काय करतंय इथे?"

"सतरा नंबर."

"मी? अरे, मी भरतीच्या वेळी धक्क्यावर उभा राहिलो तरी ओकतो! जन्मात बोटीत पाय टाकला नाही!"

"म्हणूनच टाकलं. गंमत म्हणून. रोज."

पोंदोने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने पडद्यावर स्वतःच्या नावावर बोट ठेवलं.

"मग त्या दिवशी माझ्या जागेवर कोण बसलं होतं, हासिरी?"

 हासिरीने सदतिसावी फाईल उघडली. पोंदोने टपरीचं फळकूट लावलं, गिऱ्हाइकांना हाकललं आणि जनरेटरमध्ये उरलेलं तेल ओतलं. 

पावणेचारला हासिरी कचेरीत परत आला. साहेब शर्टाची बटणं लावत होते. शोधाच्या दोन बोटी माघारी निघाल्याचं वायरलेसवर सांगत होते.

हासिरीने तक्ता उघडला आणि नावांप्रमाणे लावला. तीन हजार सहाशे बारा ओळी. एकेक नाव चौऱ्याऐंशी वेळा, एकाखाली एक, जणू कोणी मुंग्यांची रांग लावलीय. साहेबांनी बोट फिरवलं. नाव संपेना. दुसरं आलं, तेही संपेना.

"हा ला पोंदो कोण?"

"बाहेर उभा आहे. सहा दिवस तुम्ही त्याच्या हातची कॉफी पिताय. तो कधीच बोटीत बसलेला नाही. आणि बुडाली त्या दिवशीच्या यादीतही आहे, बघा. सतरा नंबर."

साहेबांनी खिडकीतून पोंदोकडे पाहिलं, मग बासियोकडे. बासियो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

"मग लाँचवर होते किती?" साहेबांनी विचारलं.

 बाहेर पायरीवर अक्का खोकली.

साहेबांनी वायरलेस उचलला. "बोटी फिरवा. अजून तीन दिवस." मग ते हासिरीकडे वळले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "पोलीस यायला तीन-चार दिवस जातील. तोवर तू रिकामा तक्ता घे आणि घराघरात जा. कोणाच्या घरातून कोण गेलं, ते विचार. माणसाकडून. फायलीतून नाही."

पहिलं घर पायरीवरच होतं. हासिरी लॅपटॉप घेऊन अक्काशेजारी खाली बसला.

"अक्का, नाव सांग."

"तुला माहीत नाही?"

"तुझ्या तोंडून सांग."

"वा मिन्दा. एकोणीस. निळा कुर्ता." त्याने लिहिलं. तिने बोट पडद्यावर टेकवलं. "आणि या पुढच्या चौकोनात काय?"

"बेपत्ता. लाँचवर."

"पळाली नाही ना लिहिलंस?"

"नाही."

"मग मोठ्याने वाच. आतल्याला ऐकू जाऊ दे."

त्याने वाचलं. नाव, वय, कुर्ता, शेवटच्या चौकोनापर्यंत सगळं. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली.

"उद्या सातवा दिवस," ती म्हणाली. "पोरगी पळाली म्हटल्यावर कोण येणार होतं दुआ वाचायला? आता येतील. घरी जाऊन भात टाकते." दोन पावलं गेली आणि वळली. "तू येऊ नकोस."

"नाही येत, अक्का."

तीन दिवसांत समुद्राने चार प्रेतं परत दिली. मिन्दा त्यांत नव्हती. हासिरी घरं फिरत राहिला. पूर्वी त्याला बघून पोरं हसत धावत यायची. आता बायका पोरांना आत ओढायच्या, आणि मग स्वतः दारात येऊन नाव सांगायच्या. कोणी रडत सांगे, कोणी थुंकून. एकोणिसांतले काही खरंच दुसऱ्या बेटावर धडधाकट सापडले. काही घरांत मात्र सरपंचांनी विचारलंच नव्हतं, तिथे नवी नावं निघाली.

चौथ्या दिवशी दुपारी पोलीस आले तेव्हा तो गावाच्या शेवटच्या घरात, एका म्हाताऱ्यापुढे चटईवर बसला होता. हवालदाराने बेड्या काढल्या.

म्हाताऱ्याने काठी दारात आडवी धरली.

"थांबा जरा," तो म्हणाला. "माझी दोघं लिहून होऊ देत."