बंद दिव्यातला रादको

तळघराच्या खिडकीला घोंगडी ठोकली होती, त्यामुळे भर दुपारीही आत मिट्ट काळोख होता. त्या काळोखात मिरचीची रोपं वाढवायला टांगलेला दिवा उजळलेला होता. बटण बंद केलेलं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्याच्या एलईडी पट्ट्यांवरचे बारीक मणी मंद गुलाबी चमकत होते. आमच्या वर्बिन गावातली तीसेक माणसं जिन्यापासून बरण्यांच्या फळीपर्यंत खेटून उभी होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

"आला," शेजारीण दोन्का पुटपुटली आणि तिने छातीवर क्रूस काढला.

आला म्हणजे या घराचा मालक रादको. त्याला जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस होत होते. आमच्याकडे समजूत अशी की जीव चाळीस दिवस घराभोवती घुटमळतो, मग त्याच्या नावाने उकडलेला गहू वाटला की निघून जातो. गहू वरच्या मजल्यावर साखर पेरून तयार होता. पण एवतिमीबाबाचं म्हणणं होतं की रादको जाणार नाही, कारण तो दिव्यात अडकलाय.

हा एवतिमी पाद्री नव्हे. पाद्री आमच्याकडे महिन्यातून दोनदा येतो, तेही रस्ता बरा असला तर. एवतिमी पूर्वी जत्रांमध्ये टाचेच्या भेगांचं मलम विकायचा. भेगा बुजल्या नाहीत, पण जीभ चांगली चालायला लागली. "वीज म्हणजे आत्म्याचा श्वास," तो सांगायचा. "माणसं तो तारेत कोंडतात, वर बटण बसवतात. पण प्रेमाला बटण असतं का?" या प्रश्नावर बाया डोळे पुसायच्या, आणि बाबाच्या पिशवीत मिरचीच्या चटणीच्या बरण्या पडायच्या.

नुसता उजेड असता तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण रोपांना पाणी घालताना रादकोच्या बायकोचा, पेनाचा हात दिव्याच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीला लागला. हातात मुंग्या आल्या आणि त्याच क्षणी दिवा किंचित मोठा झाला. शेतातून आला की तो माझं मनगट असंच धरायचा, असं ती गावभर सांगत सुटली. तिचं हृदय कमजोर, रोज तीन गोळ्या लागतात. बाबाने सांगितलं, रादको हृदय सांभाळतोय, गोळ्यांनी त्याचा हात सुटतो. आठवडा झाला, तिने गोळ्या बंद केल्या होत्या. आणि आज ती अनवाणी, तुळशीच्या पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या टबात उभी राहून ओल्या हातांनी ती चौकट घट्ट धरणार होती, म्हणजे रादको मोकळा होईल.

मला त्या मुंग्या कसल्या ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. कारण तो दिवा रादकोने माझ्या टेबलावर, माझ्यासोबत केला होता.

मी गावातले रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करतो. जानेवारीत रादको दहा पट्ट्या घेऊन आला. पट्ट्या एकामागे एक जोडल्या की प्रत्येकीचे व्होल्ट मिळवत जायचे. प्रत्येकीला बारा, म्हणजे एकशेवीस. करंट मात्र सगळ्यांतून एकच वाहतो. ड्रायव्हर, म्हणजे भिंतीतली वीज मण्यांना झेपेल अशी करून देणारी डबी, त्या बेरजेला आणि त्या करंटला जुळणारा लागतो. माझ्या खणात एक जुळणारा पडला होता. पण ड्रायव्हर दोन जातींचे असतात. एकात दिव्याची बाजू भिंतीच्या विजेपासून पूर्ण वेगळी ठेवलेली असते. दुसऱ्यात नसते, तो लहान नि हलका असतो. माझ्या खणातला दुसरा होता. "चालेल ना?" रादकोने विचारलं. धावेल, म्हटलं. चौकटीला लावायची अर्थिंगची तार मी मुळाशी कापली, कारण या जुन्या भिंतींमध्ये अर्थिंग आहे कुठे! आकडे जुळले होते आणि मी स्वतःवर खूश होतो.

मुंग्यांची गोष्ट कानावर आली तेव्हा मी लगेच धावायला हवं होतं. मी गेलो नाही. चाळीस वर्षं हेच काम करणारा कारागीर, आपलीच चूक गावासमोर कोण कबूल करणार? उद्या सांगू म्हणत मी आठ दिवस काढले. त्या टबाबद्दल ऐकलं तेव्हा मात्र तसाच धावत सुटलो.

दोन्का "आला" म्हणायच्या जरा आधी मी जिना उतरलो, तेव्हा एवतिमी सॉकेटजवळ वाकला होता. "आत्म्याला पूर्व दाखवतो," म्हणत त्याने प्लग काढला, फिरवून पुन्हा लावला. प्लगच्या एका कडेला मार्तेनित्सा बांधलेली दिसली. मार्चमध्ये आम्ही सगळेच मनगटाला तो लाल-पांढरा दोरा बांधतो. प्लगला कशाला? दोरा वर आला आणि दिवा उजळला.

पेनाने टबात पाय ठेवला. दुसरा ठेवला. हात पाण्यात बुडवून वर उचलले.

मी दोन्काला ढकलून पुढे घुसलो आणि प्लग उपटला. काळोख झाला, पेना किंचाळली, आणि कुणीतरी माझी कॉलर धरली.

"स्पासभाऊजी, काय केलंत हे!" ती रडत म्हणाली. "तो गेला ना!"

"वहिनी, आधी टबातून बाहेर या. पाय कोरडे करा, चपला घाला. मग मला काय मारायचं ते मारा."

माझ्या आवाजात भीती होती, ती तिला ऐकू आली असावी. ती बाहेर आली. कुणीतरी टॉर्च लावला. उजेड दिसू नये म्हणून मी दोन्काचा कोट मागून दिव्यावर टाकला आणि एवतिमीला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं. तुम्हाला आत्मा जाणवतो, तर न बघता सांगा, रादको दिव्यात आहे की नाही. माणसांनाही ते रास्त वाटलं. एवतिमीने डोळे मिटले, नाकाने दीर्घ श्वास घेतला.

"आहे. कासावीस झालाय बिचारा."

मी हात वर केला. प्लग माझ्या हातात होता. जिन्यावर कुणीतरी खुदकन हसलं.

मग मी कोट काढला आणि प्लग पेनाच्या हातात दिला. तिने दोरा वर ठेवून लावला: बटण बंद, दिवा मंद उजळला. मी टेस्टर चौकटीला टेकवला, तोही पेटला. दोरा खाली ठेवून लावला: दिवाही विझला, टेस्टरही. तीन वेळा तिने करून पाहिलं. आमचे प्लग दोन्ही बाजूंनी बसतात. दिव्याच्या वायरवरचं बटण दोनातली एकच तार तोडतं. उलटा लागला की बटण परतीची तार तोडतं आणि वीज आणणारी तार दिव्यापर्यंत जिवंत राहते. तिथून थोडी वीज झिरपते, तेवढ्यावर मणी मंद जळतात. चौकटीला हात लावला की विजेला माणसाच्या अंगातून जमिनीची वाट मिळते, म्हणून दिवा मोठा होतो. बाबाला हे कळलं नव्हतं, पण प्लग फिरवल्याने काय होतं ते त्याने हेरलं होतं. दोरा त्याची खूण होती.

एवतिमी शेवटचा डाव खेळला. "म्हणजे रादकोने बिघडलेला दिवा केला म्हणतोस? मेलेल्या माणसावर ढकलतोस?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"रादकोने नाही," मी म्हणालो. "ड्रायव्हर मी निवडला. अर्थिंगची तार मी कापली. आणि आठ दिवस माहीत असून गप्प बसलो."

पेना बादली उपडी करून तिच्यावर बसली.

"मग माझा हात कुणी धरला, भाऊजी?"

"कुणी नाही, वहिनी. भिंतीतली वीज होती ती. आज ओल्या हातांनी धरली असती तर तिने सोडलं नसतं."

ती ढसढसा रडली. चाळीस दिवसांत ती तशी रडली नव्हती, दोन्का नंतर म्हणाली. दोन्कानेच घोंगडी ओढून काढली, वरून पेला आणि गोळ्या आणल्या आणि पेना गिळेपर्यंत समोर उभी राहिली. एवतिमी कधी सटकला ते कुणाला कळलं नाही. चटणीच्या बरण्या मात्र न्यायला विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो ड्रायव्हर हातोड्याने फोडला. दिव्याची बाजू विजेपासून वेगळी ठेवणारा नवा लावला, दोन्ही तारा तोडणारं बटण बसवलं, आणि वायरमनकडून जमिनीत अर्थिंग घालून तार चौकटीला जोडली. पेनाने बटण बंद केलं. पुरता अंधार झाला. तिने चौकटीवर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढून घेतला. मग म्हणाली, गहू वाटायचा राहिलाय, चला वर.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बंद केलेला दिवा उजळत असेल तर हात जोडू नका, हात लावू नका. आधी प्लग काढा आणि कारण शोधा. आणि ते कारण तुम्हालाच माहीत असेल, तुमच्याच हातचं असेल, तर त्याच दिवशी सांगा. भोंदूला जागा करून द्यायला माझे आठ दिवसही पुरेसे होते.