खुडूक कोंबडीखालचं लाकडी अंडं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी अंडं आहे. माझ्यातून कधी काही बाहेर आलं नाही आणि पुढेही येणार नाही. तुम्हाला हे एका वाक्यात कळलं. कोंबड्यांना ते सांगता येत नाही, आणि माझं सगळं आयुष्य कोंबड्यांत गेलं.

मला एका कातार्‍यानं घडवलं. तो जिन्याच्या कठड्यांचे खांब, पलंगाचे पाय, लहान मुलांच्या गाड्यांची चाकं असं काहीबाही लाकूड फिरवून करायचा. त्याच्या बायकोनं हौसेनं सहा कोंबड्या आणल्या होत्या आणि आठवड्यातच ती टेकीला आली होती.

"सहाजणी सहा ठिकाणी अंडी घालतात," ती दुकानाच्या दारात उभी राहून म्हणाली. "एक कोळशाच्या पोत्यात, एक जिन्याखाली, आणि ती काळी तुमच्या बुटात."

"कुठल्या बुटात?"

"डाव्या."

"मग उजवाही दे तिला. एका बुटाचं मी काय करू?"

पण हसता हसता त्यानं खांबाचा उरलेला तुकडा यंत्राला लावला आणि मला गोल करून, पांढरा रंग देऊन तिच्या हातावर ठेवलं. मित्रांनो, कोंबडीला जिथे एक अंडं आधीच दिसतं, तिथे तिला स्वतःचं अंडं घालावंसं वाटतं. जागा सुरक्षित आहे, कुणीतरी आधी विश्वास टाकला आहे, असं तिला वाटत असावं. माझं काम एवढंच होतं. खुराड्यातल्या खोक्यात, पेंढ्यावर, पडून राहायचं आणि खरं असल्यासारखं दिसायचं.

दहा दिवसांत सहाही जणी माझ्या खोक्यात यायला लागल्या. बाकीची दोन खोकी रिकामी, आणि माझ्यापाशी रांग. कातार्‍याची बायको गल्लीतल्या सगळ्यांना मला काढून दाखवायची. गल्लीत तिला काकी म्हणत, म्हणून मीही काकीच म्हणतो.

सुरुवातीच्या त्या कौतुकाचं आता मला फारसं काही वाटत नाही. काम मात्र आठवतं. एक तपकिरी कोंबडी स्वतःचीच अंडी फोडून खायला लागली, तेव्हा काकीनं सगळी खरी अंडी उचलली आणि मला एकट्याला तिच्यापुढे ठेवलं. दोन दिवस तिनं मला टोचलं. तिसऱ्या दिवशी तिची खात्री पटली असावी की या घरची अंडी खाण्याजोगी नाहीत. माझ्या अंगावरचे ते खड्डे अजून आहेत.

एकदा काकीचा धाकटा भाऊ राहायला आला. सकाळी सगळे झोपलेले असताना त्यानं खोक्यातली चार अंडी उचलली आणि उकळायला टाकली. त्यात मी होतो. तिघांचं सोलून झालं, माझं काही सोलेना. त्यानं मला पुन्हा पाण्यात टाकलं. काकी उठून आली तेव्हा तो चमचा घेऊन मला ठोकत होता.

"ताई, तुझ्या कोंबड्यांना काय खायला घालतेस गं? फुटतच नाही!"

"अरे वेड्या, ते तुझ्या भावोजींनी केलंय."

"भावोजी अंडी घालायला लागले?"

त्या घरात इतकं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. माझा रंग त्या पाण्यात सुटला आणि परत कुणी दिला नाही. कोंबड्यांचं काही अडलं नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. कोंबडी मधूनच खुडूक होते. म्हणजे ती अंडी घालायचं थांबवते आणि उबवायला बसते. खाली अंडं असो, नसो. पिसं फुलवून बसते, जवळ गेलं की गुरगुरते, हात घातला की चोच मारते. दिवसातून एकदा घाईघाईनं उठून चार दाणे खाते आणि पुन्हा जागेवर. खाली खरी अंडी असली तर एकवीस दिवसांत पिल्लं निघतात आणि ती मोकळी होते. पण खाली मी असलो तर? माझे एकवीस दिवस कधीच भरत नाहीत.

काकीला हे ठाऊक होतं. संध्याकाळी खुराडं बंद करताना एखादी बसूनच राहिलेली दिसली, की ती हात घालायची, चोच खायची आणि मला बाहेर काढायची. मग मी आठ-दहा दिवस स्वयंपाकघरातल्या फडताळात, मिठाच्या बरणीशेजारी पडून असायचो. हे ती कुणाला समजावून सांगत बसली नाही. रोजची कामं कोण सांगत बसतं?

वर्षं गेली. एका थंडीत साथ आली आणि नऊ दिवसांत अकराच्या दोनच उरल्या. काकी रोज सकाळी दार उघडायची आणि एकदोघींच्या माना पडलेल्या असायच्या. कुंपणाशी खड्डे खणून तिचे हात सोलवटले. तिनं सगळं खुराडं चुन्यानं रंगवलं.

"आता बास," कातारी म्हणाला.

"बास," ती म्हणाली.

महिन्याभरात ती चपलांच्या खोक्यातून सहा पिल्लं घेऊन आली. मग एका कुत्र्यानं जाळी उचकली. मग पिसं झडायचे दिवस, अंडी नाहीत आणि दाणा चालूच. मग पुन्हा भरभराट, शेजाऱ्यांना वाटून वाटून अंडी उरायची. मी आपला पेंढ्यात. चढ असो, उतार असो, माझ्यावर कुणीतरी बसलेलंच असायचं. मित्रांनो, फार वर्षांच्या उबेचाही शीण येतो.

कातारी गेला. त्यांची एकुलती लेक लांबच्या शहरात नोकरीला होती. ती रविवारी फोन करायची आणि मायलेकी कोंबड्यांबद्दलच बोलायच्या. काकी फोन घेऊन परसात यायची, म्हणून मला ऐकू यायचं.

"मास्तरीण खुडूक झालीय."

"मग गं?"

"मग काय? होईल नीट. तू जेवलीस का?"

मास्तरीण म्हणजे एक करडी कोंबडी. मान ताठ करून हजेरी घेतल्यासारखी सगळ्यांमधून फिरायची, म्हणून ते नाव. काकीचं दुखणं वाढलं, तिला वाकवेना, तेव्हा बाकीच्या कोंबड्या एकेक करून शेजारी देऊन झाल्या. मास्तरीण तेवढी राहिली. काकी खुर्चीत बसायची आणि मास्तरीण तिच्या पायाशी.

मग काकी गेली.

लेक आली, माणसं आली, माणसं गेली. लेकीची मावशी दोन दिवस जास्त राहिली. ती निघताना म्हणाली, "ती कोंबडी देऊन टाक कुणाला तरी आणि चल माझ्याकडे. एकटी काय करणारेस इथे?"

"राहू दे सध्या."

"कोंबडी की तू?"

लेकीनं मावशीची पिशवी उचलून दारापर्यंत नेली. तिनं ऑफिसातून रजा वाढवून घेतली होती. घरात तिनं काही हलवलं नाही. आईचा चष्मा टेबलावर होता तिथेच, खुर्ची परसात होती तिथेच. आणि मी खोक्यात होतो तिथेच.

दुसऱ्या आठवड्यात मास्तरीण माझ्यावर बसली आणि उठेना.

लेकीनं वाकून पाहिलं. तिला शब्द माहीत होता. "खुडूक झालीस होय," ती म्हणाली. "होईल नीट." आईनं फोनवर म्हटलेलं तेवढंच तिच्याकडे होतं. चार दिवस गेले. मास्तरीण दिवसातून एकदा उठायची, तिची ती घाईही लेकीला बघवेना. तिनं दाण्याची वाटी खोक्याच्या कडेशी आणून ठेवली. पाणीही. आता मास्तरणीला उठायचं कारणच उरलं नाही. वाटीतले दाणे ती मनात आलं तर टिपायची, नाहीतर तसेच.

एकदा ती वळताना मी घरंगळून पेंढ्याबाहेर आलो. मित्रांनो, मला वाटलं, सुटलो आपण दोघंही. पण लेकीनं मला उचललं, पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि हळूच परत तिच्या पोटाखाली सरकवलं. "घे. तुझंच आहे," ती म्हणाली.

तिच्या हातात वाईट काही नव्हतं. त्या हातांनी त्या दिवशी केलेलं ते सगळ्यात मायेचं काम होतं. म्हणूनच मला ते आठवलं की थकायला होतं.

एकवीस दिवस झाले. तीस झाले. मास्तरीण मला दिवसातून कितीदा तरी चोचीनं उलटायची, सगळ्या बाजूंनी सारखी ऊब लागावी म्हणून. खरी आई करते तसंच. तिचा तुरा लालचा फिका गुलाबी झाला, मग राखेसारखा. पोटाची पिसं गेली होती. तिच्या छातीचं हाड मला रुतायचं. आधी तसं कधी रुतलं नव्हतं. मी आतून ओरडत होतो, पण लाकडाचा आवाज कुणाला येतो?

लेकही फारशी उठत नव्हती. परसाच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसायची आणि कप तसाच गार व्हायचा.

मग एका सकाळी दाणेवाला आला. महिन्याचं पोतं तो खांद्यावरून टाकायचा, काकीशी दोन शब्द बोलायचा आणि जायचा. आधीचं पोतं जवळपास भरलेलंच पाहून तो थबकला.

"ताई, कोंबडी उपास करतेय की तुम्ही खायला घालत नाही?"

"तोंडापाशी ठेवते. खात नाही. खुडूक आहे."

"किती दिवस?"

तिनं बोटं मोजली नाहीत. तिला आकडा पाठ होता. "आई गेल्यावर नऊ दिवसांनी बसली. बसल्याला आज बेचाळीस."

दाणेवाल्यानं पोतं खाली ठेवलं, खुराड्यात अर्धा शिरला आणि मास्तरणीला दोन्ही हातांनी उचललं. तिनं चोचही मारली नाही. त्यानं तिची छाती चाचपली.

"अहो, ही मरेल. नुसतं पीस उरलंय." मग त्याची नजर माझ्यावर पडली. "आणि हे कुणी ठेवलं हिच्या खाली?"

"आईनं. पहिल्यापासून तिथेच आहे ते. आईनं ठेवलेलं मी नाही हलवलं."

दाणेवाल्यानं मास्तरणीला छातीशी धरलं. मग हलकेच म्हणाला, "काकींनी ठेवलं, खरंय. पण काढायच्याही त्याच की. बसली रे बसली की काढायच्या. माझ्यासमोर कितीदा काढलंय."

लेकीचा चेहरा मी खोक्यातून पाहिला. तिनं तोंडावर हात ठेवला. "मी परत घातलं हो," ती म्हणाली. "बाहेर आलं होतं. मी परत घातलं."

"असू दे. आता रडायला वेळ नाहीये. आधी हिला भिजवलेला दाणा हातानं भरवा. मग तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या, विटांवर उंच ठेवा. पोटाखालनं वारं लागलं पाहिजे. चार दिवस. आणि ओरडली तरी बाहेर काढायची नाही. काय?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी हे नवं पोतं परत नेईन," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "जमेल हो. काकींची आहे ती. चिवट असणार."

मला फडताळात ठेवलं गेलं. पण स्वयंपाकघराची खिडकी परसातच उघडते. पहिला दिवस मास्तरीण उभी राहून ओरडली. दुसऱ्या दिवशी ती ओरडायची थांबली आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, जाळीवरच, अंग फुलवून बसली. खाली काही नसताना. ते ओरडण्याहून वाईट होतं.

दुपारी लेकीनं मला फडताळातून काढलं. तिच्या मुठीत मी परसात गेलो. मास्तरणीनं मला पाहिलं आणि मान लांब केली. पिंजऱ्याचं दार अर्धं उघडलं. मित्रांनो, मला त्या क्षणी कुणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, चुलीत घाला मला.

लेक तशीच उभी राहिली. तिचा अंगठा माझ्यावरून फिरत होता. टोचल्याच्या खड्ड्यांवरून, वडिलांच्या यंत्राच्या बारीक रेघांवरून.

"नाही गं," ती मास्तरणीला म्हणाली. "तुझ्यासाठी नव्हते देत. मला बघवत नाही म्हणून देत होते."

तिनं दार लावलं. कडी नीट बसली का ते दोनदा ओढून पाहिलं. मग ती पायरीवर बसून खूप रडली. मास्तरीण तिच्याकडे बघत राहिली, आणि बघायला म्हणून का होईना, उभी राहिली.

पाचव्या सकाळी पिंजरा उघडला, तेव्हा मी पुन्हा फडताळात होतो. मास्तरीण सरळ खुराड्यात गेली. लेक पायरीवर बसून होती. हातात पावाची ताटली, खाणं नाही. आत पेंढा उकरल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. मग तो थांबला आणि मास्तरीण दारात दिसली. तिनं अंग झाडलं. इतकी पिसं उडाली की लेकीला शिंक आली. मग ती परसाच्या मातीत आडवी पडली आणि पंखांनी धूळ अंगावर घेत लोळायला लागली, कोंबड्या बऱ्या असल्या की लोळतात तशी.

मळलेल्या अंगानं ती पायरीपाशी आली आणि तिनं ताटलीतला पावाचा तुकडा पळवला.

"अगं, भवाने! माझा आहे तो," लेक म्हणाली. आणि उरलेला पाव तिनं स्वतः खाल्ला, घाईघाईनं, मास्तरणीनं तोही न्यायच्या आत. मग उठून दुसरा आणायला आत गेली.

मित्रांनो, मी थकलेलं लाकूड आहे. माझ्याकडून फार काही शिकण्यासारखं नाही. पण तुमच्या घरी कुणी असं एका जागी बसून राहिलं, तर वाटी जवळ नेऊन ठेवणं सोपं असतं. तेवढ्यावर थांबू नका. हात घाला. खाली काय धरून बसलंय ते बघा. चोच बसेल, तरी बघा.