काळजाची जागा

श्रीपाद हैदराबादेत उर्दूतून डाक्टरी शिकत होता. सुटीला नांदेडला आला, की घरात कोणी साधं खोकलं तरी त्याला फुफ्फुसं आठवायची. उद्या सकाळच्या गाडीनं तो परत निघणार होता. आपली आठवण येते, एवढं एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकावं, असं त्याच्या बायकोला, सौदामिनीला, फार वाटत होतं. शेवटी तिनंच सुरुवात केली.

"तुम्ही गेलात की काळीज तुटतं हो माझं."

"काळीज म्हणजे जिगर," तो खुलून म्हणाला. "ते उजवीकडं, फासळ्यांखाली असतं. पित्त तयार करतं. आठवणीचं काम त्याच्याकडं नाही."

"मग डावीकडं धडधडतं ते?"

"ते दिल. ते नुसतं रक्त ढकलतं."

"अगंबाई! मग आठवण येते तरी कुठून?"

"दिमागातून. कवटीत असतो तो."

"बरं, मग तुमच्या कवटीत मी कुठं आहे का?"

तेवढ्यात देवघरातून सासूबाई ओरडल्या, "श्रीपाद, काय शिकवून राहिलास रे तिला?"

"शरीर, आई!" तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

सौदामिनी तोंडाला पदर लावून हसली. तो मात्र हसला नाही. खाली बघत हळूच म्हणाला, "तिकडं गेलं ना, की आठ-आठ दिवस घास उतरत नाही मला."

घास कोणत्या नळीतून उतरतो, हे त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.